खंडेनवमीच्या रांगेबाहेरची पाटी

मित्रांनो, मी एक जुना टॅब्लेट आहे, आणि एवढं सांगूनही तुम्हाला काही कळलं नसेल याची मला आत्तापासूनच काळजी वाटते. लॅपटॉप म्हटलं की लोकांना कळतं. मोबाइल म्हटलं की लहान पोरालाही कळतं. माझं नाव घेतलं की समोरचा माणूस नुसता तोंडाकडे बघतो. म्हणून सरळ वर्णनच करतो. शाळेतल्या दगडी पाटीएवढा माझा आकार, जाडी मात्र दोन वह्यांची. पुढची सगळी बाजू म्हणजे पडदा. कुशीत एक पेन खोचलेलं असतं, त्याने पडद्यावर लिहायचं किंवा चित्र काढायचं. बोटाने कितीही दाबा, मी ढिम्म हलत नाही. मला फक्त माझं पेन कळतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. शेवटी तपासणीला बसलेल्या मुलीने माझ्या पडद्यावर एक वर्तुळ काढलं, ते नीट उमटलं, आणि तिने समाधानाने मान हलवली. ती शाबासकी मला पुढे बरीच वर्षं पुरवून वापरावी लागली, कारण दुसरी लवकर मिळाली नाही.

दोन हजार चारच्या सुमारास मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात येऊन बसलो. गिऱ्हाईक यायचं, मला हातात घ्यायचं, उलटंपालटं करून बघायचं.

"ह्याच्यावर फोन येतोय काय?"

"न्हाय."

"टायपिंग हुतंय?"

"हुतंय की. जरा सावकाश."

"मग?"

या "मग?"वर दुकानदार मला पुसून परत कपाटात ठेवायचा. शेजारचे लॅपटॉप भराभर विकले जायचे. मोबाइलच्या काउंटरवर तर पाय ठेवायला जागा नसायची. मी रोज दुकान बंद होताना विचार करायचो, उद्या आपल्याला परत पाठवतील, आणि परत म्हणजे नेमकं कुठे?

शेवटी मला संग्रामने घेतलं. संग्राम हुपरीचा. त्याच्या घरी चांदीच्या पैंजणांचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब खोली, तीत बसणारे चार-पाच कारागीर, आणि घुंगरं जोडायचं काम आपापल्या घरी नेणाऱ्या बायका. संग्रामचे वडील सयाजी कारखाना बघायचे आणि संग्राम माल घेऊन परमुलखात विकायला जायचा. बिलं करायला त्याच्याकडे लॅपटॉप होता. बोलायला आणि ई-मेल बघायला बारीक बटणांचा स्मार्टफोन होता. तरी त्याने मला घेतलं, कारण व्यापाऱ्यांसमोर बॅगेतून मला काढलं की भारी दिसेल असं त्याला वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्याच फेरीत तो मला आग्ऱ्याला घेऊन गेला. पैंजणांचे फोटो माझ्यावर दाखवू लागला. तिथले शेठजी कौतुकाने बघत राहिले. मग त्यांनी मला बाजूला सारलं आणि खरी पैंजण मागितली. ती त्यांनी तळहातावर तोलली, कानाशी नेऊन हलवली, आणि मगच भाव बोलायला सुरुवात केली. बरोबरच होतं त्यांचं. चांदी वाजवून घ्यायची वस्तू. पडद्यावर ती किती वाजणार?

त्यानंतर माझी ओढाताण सुरू झाली. लॅपटॉपला जे यायचं ते मला थोडं थोडं यायचं. मोबाइलला जे जमायचं ते मला मुळीच जमायचं नाही. संग्राम प्रवासाला निघताना बॅग भरायचा, लॅपटॉप ठेवायचा, मोबाइल खिशात टाकायचा, आणि मग क्षणभर माझ्याकडे बघायचा. त्या क्षणाची मला फार भीती वाटायची. एकदा त्याने मला उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि बॅगेची चेन ओढली. मग माझी रवानगी लोखंडी कपाटात झाली. चांदी उजळायला लागणाऱ्या रिठ्यांच्या पिशवीशेजारी मला जागा मिळाली.

मित्रांनो, कपाटात पडून राहणं म्हणजे आराम, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्यासारख्यांची बॅटरी फार काळ उपाशी ठेवली तर ती कायमची मरते. माणूस उपाशी राहिला तर ओरडतो तरी. मी आतल्या आत घाबरत राहिलो. कपाटाचं दार वाजलं की वाटायचं, आपल्यालाच शोधतायत. दरवेळी हात रिठ्यांच्या पिशवीकडे जायचा.

एकदा मात्र तो हात पिशवीवरून माझ्यावर आला. तो क्रांतीचा होता. क्रांती म्हणजे संग्रामची धाकटी बहीण. रोज एस.टी.ने कोल्हापूरला जाऊन ती चित्रकला शिकून आली होती, आणि आता घरी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर पैंजणांचे नमुने काढत बसायची. ते नमुने कुणी विचारात घेत नसे. कारखान्यात नमुना काढायची पद्धतच नव्हती. संग्राम बाजारातून चालू फॅशनची एखादी जोडी आणायचा आणि कारागीर तिच्यावरून माल करायचे. सगळ्या गावात तीच रीत होती.

"दादा, ह्ये मी घेतो," क्रांती म्हणाली. इकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना "मी घेतो, मी जातो" असंच म्हणतात, हे मला हुपरीला आल्यावर कळलं.

"घे की. पडूनच हाय," संग्राम म्हणाला.

त्या दिवशी तिने माझ्यावर एक पान काढलं. वेलीचं असतं तसं, टोकाशी किंचित वळलेलं. मग त्याच पानाची नक्कल करून शेजारी ठेवली, तिच्या शेजारी आणखी एक, आणि बघता बघता खाली घुंगरं लोंबणारी पानांची साखळी तयार झाली. तिने हे आधी भावाच्या लॅपटॉपवर करून पाहिलं होतं. माउसने पान काढणं म्हणजे साबणाच्या वडीने सही करण्यासारखं, असं ती म्हणायची. मोबाइलचा पडदा तर एका पानात भरला असता. मी जमिनीवर आडवा पडायचो, ती मांडी घालून माझ्यावर वाकायची, आणि पैंजण जेवढी असते तेवढीच माझ्यावर उमटायची. माप ताडून बघायला तिने एकदा आजीचा जुना चांदीचा तोडा सरळ माझ्या पडद्यावर ठेवला. त्याचा ओरखडा अजून आहे. मला त्याचं दुःख नाही. कामात लागलेली खूण होती ती.

पण सुख आलं की मागून काळजी येतेच. क्रांतीचा पानांचा नमुना एकदा सयाजीअप्पांनी पाहिला. अप्पा म्हणजे तिचे वडील. वाईट माणूस नव्हे, पण बोलायला रोखठोक. 

"चित्र म्हणून बरं हाय," ते म्हणाले. "पर नवा नमुना म्हणजे नवा साचा आला. तो कुणाच्या जीवावर करायचा? संग्राम, त्या आग्ऱ्याच्या शेठला धाड ह्ये. ह्या दिवाळीला त्यानं उचलला तर साचा करू. न्हाय उचलला तर क्रांते, परत नमुन्याचं नाव काढायचं न्हाय. गुमान एखाद्या शाळंत चित्रकलेची बाई म्हणून लाग."

"चालंल," क्रांती म्हणाली. पण हातातलं पेन तिने माझ्यावर जोरात दाबलं, ते मला कळलं. बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं.

संग्रामने नमुना लॅपटॉपवर घेऊन ई-मेलने पाठवला. आठवडा गेला, दुसरा गेला. उत्तर नाही. क्रांती माझ्यावर नवीन काही काढत नव्हती. ती शाळेत लागली की माझं काय होणार हे मला ठाऊक होतं. रिठ्यांची पिशवी माझी वाट बघत होती.

अशात खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. ज्या वस्तूवर आपलं पोट आहे ती त्या दिवशी धुवायची, पुसायची, रांगेत मांडायची, हळदकुंकू वाहायचं. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला तेवढी विश्रांती. इचलकरंजीचे माग त्या दिवशी गप्प असतात, हुपरीतले हातोडे गप्प असतात.

सकाळी धोंडुबाई, म्हणजे क्रांतीची आजी, पूजेला बसली. ऐरण, हातोडे, चिमटे, तार ओढायच्या पट्ट्या, तराजू, सगळं सतरंजीवर ओळीने मांडलं होतं. संग्रामने त्यात आपला लॅपटॉप आणून ठेवला. मागच्या वर्षी आजीने त्यावर भक्तिभावाने पाणी शिंपडलं होतं आणि अर्ध्या कळा चिकटल्या होत्या, म्हणून यंदा त्याला प्लॅस्टिकची पिशवी घातली होती. शेजारी मोबाइल ठेवला, पूजेत मध्येच वाजू नये म्हणून बंद करून. पेनड्राइव्हसुद्धा ठेवला. आजीने पेनड्राइव्हलाही कुंकवाचा ठिपका लावला.

तेवढ्यात क्रांती मला घेऊन आली. तिने मला ओलसर फडक्याने पुसलं होतं. रांगेच्या टोकाला जागा होती.

आजीने वर बघितलं. "ही पाटी कशाला?"

"हत्यार हाय माझं."

"हत्यार? हिनं कवा पोट भरलंय कुणाचं? उगं आपलं चार रेघोट्या मारायचं खेळणं. ने तिकडं."

 क्रांतीने मला परत नेऊन खिडकीत ठेवलं. मित्रांनो, फार लागलं मला ते. कपाटात होतो तेव्हा निदान मला कुणी बघत नव्हतं. इथे सगळ्या घरादेखत ठरलं होतं की मी कामाचा नाही. आणि क्रांतीही नाही. रागाच्या भरात तिने मला वायरसुद्धा लावली नाही. थोड्याच वेळात भारनियमनाची वीज गेली, आणि आता माझ्या म्हाताऱ्या बॅटरीत किती दम उरलाय याच काळजीत मी बसलो.

दहा-साडेदहाला घरातला साधा फोन वाजला. सयाजीअप्पांनी उचलला. आग्ऱ्याचे शेठजी होते.

"हां शेठजी. नहीं नहीं, बंद नहीं पड्या. मोबाइल पूजे में बैठा है." अप्पा थोडा वेळ ऐकत राहिले. "आज ही? शाम तक?" पुन्हा ऐकत राहिले. फोन ठेवला तेव्हा ते सतरंजीवरच्या रांगेकडे बघत होते.

शेठजींना पानांचा नमुना आवडला होता. पण त्यांच्याकडे येणाऱ्या मुली कॉलेजात नाहीतर ऑफिसात जाणाऱ्या. त्यांना वाजणारी पैंजण नको होती. घुंगरं काढून नमुना बदला आणि संध्याकाळच्या आत पाठवा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या गावचा एक नमुना त्यांच्या समोर तयार होता. संध्याकाळी दोन्हीतला एक ठरवून ते दिवाळीचा माल सांगणार होते.

संग्राम उठून लॅपटॉपकडे निघाला.

"हात लावू नगंस," आजी म्हणाली.

"आजी, पूजा झाली की. आता घेतला तर काय हुतंय?"

"उद्या सोनं लुटून आल्याबिगार हत्यार उचलायचं न्हाय. सयाजी, सांग ह्याला."

अप्पा कात्रीत सापडले होते. "आख्खं गाव हात बांधून बसलंय, आन् आपुनच पूजा मोडायची?" ते म्हणाले. "न्हाय जमायचं. ऱ्हाऊ दे. नशिबात न्हाय म्हणायचं."

 क्रांती भिंतीला टेकून उभी होती. इतके दिवस वाट बघितलेलं उत्तर आलं होतं, आणि नेमकं आजच आलं होतं.

"माझ्याकडं हाय नमुना," ती हळूच म्हणाली. "पाटीवर."

सगळे खिडकीकडे, माझ्याकडे वळले. इतक्या जणांनी एकदम बघण्याची मला सवय नव्हती.

"आज काम करायचं न्हाय, क्रांते," आजी म्हणाली.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाय. ही हत्यार न्हाय, असं सकाळी तूच म्हणालीस की."

 पूजेच्या बाबतीत आजीचा शब्द घरात कुणी मोडत नसे. आता तो तिला स्वतःलाही मोडता येईना. सयाजीअप्पांनी मिशीआड हसू लपवलं.

"मग काढ," आजी शेवटी म्हणाली. "बघू तर खेळणं काय करतंय."

मित्रांनो, आयुष्यभर मी कामाची वाट बघितली होती, आणि काम आलं तेव्हा माझ्या अंगात त्राण नव्हतं. चालू होता होताच बॅटरीची लाल खूण लागली. क्रांतीने भराभर एकेक घुंगरू पुसायला घेतलं. आजी चष्मा लावून शेजारी वाकली. घुंगरं जोडणारी तानाबाई प्रसादाला आली होती, तीही येऊन बसली.

"घुंगरंच न्हाईत तर घरात बाई आली-गेली कसं कळायचं?" आजीने विचारलं.

"कळू नये म्हणूनच की, आजी."

आजी तिच्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

"तुमचं खरं हो," तानाबाई म्हणाली, "पर घुंगरंच गेली तर मी काय जोडू?"

क्रांतीचा हात थांबला. हा विचार तिने केला नव्हता. तानाबाईसारख्या कितीतरी बायका त्या जोडकामावर होत्या. इकडे माझी लाल खूण लुकलुकायला लागली होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, विचार नंतर कर. पण तिने घाई केली नाही. मग घुंगरांच्या जागी तिने थेंबाच्या आकाराचे छोटे भरीव मणी काढले, पानापानाखाली लोंबणारे. दिसायला घुंगरू, पण आवाज नाही.

"ह्ये जोडशील?"

"जोडीन की. काम तेवढंच हाय," तानाबाई म्हणाली.

पाठवायचं कसं, हा प्रश्न उरला. पेनड्राइव्ह कुंकू लावून रांगेत बसला होता. क्रांतीने मला टॉवेलात गुंडाळलं, माझी वायर घेतली, आणि संग्रामच्या गाडीवर मागे बसून एस.टी. स्टँडजवळच्या नेट कॅफेत आली. तो कॅफे प्रसेनजीतचा. त्याचं घर बौद्ध, त्यामुळे त्यांच्याकडे खंडेनवमीची पूजा नसते. दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे फलक छापत तो इन्व्हर्टरवर काम करत बसला होता. सगळ्या बाजारात तेवढंच एक दार उघडं होतं.

पण वाटेतच माझे डोळे मिटले. बॅटरी संपली. शेवटचे मणी नीट साठवले गेले होते की नाही, हे क्रांतीला माहीत नव्हतं, आणि मला तर शुद्धच नव्हती. प्रसेनजीतने मला वायर लावली, एक फलक छापायचा थांबवून बटण दाबलं. मी डोळे उघडले तेव्हा तिघांचे चेहरे माझ्यावर वाकले होते. पानं होती. मणीही होते, फक्त शेवटचे काही राहिले होते. क्रांतीने तिथेच उभ्या उभ्या ते काढले. प्रसेनजीतने नमुना आपल्या पेनड्राइव्हवर घेतला आणि आग्ऱ्याला पाठवला. "ताई, गेला," तो म्हणाला. "पैंजण झाली की दाखवायला आणा."

संध्याकाळ झाली. साधा फोन वाजला नाही. दुसरा दिवस उजाडला, तरी वाजला नाही. क्रांती दोन वेळा नुसतीच फोनजवळ जाऊन आली. आजीने जेवताना तिला वाढायच्या निमित्ताने पाठीवरून हात फिरवला. "नसंल आवडला त्याला," अप्पा म्हणाले, पण त्यांचाही आवाज उतरला होता. मी खिडकीतून रिठ्यांच्या कपाटाकडे बघत होतो.

दसऱ्याला संध्याकाळी सगळे सोनं लुटून, एकमेकांना आपट्याची पानं देऊन घरी आले. आजीने हत्यारांवर अक्षता टाकल्या आणि संग्रामने मोबाइल उचलून चालू केला. तो एकदम थरथरला. घरचा फोन लागेना म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळीच शेठजींनी मोबाइलवर निरोप पाठवला होता. नमुना पक्का, माल लगेच सुरू करा. रात्रभर आणि दिवसभर ते उत्तर आमच्यासमोरच, कुंकू लावून, फुलाखाली पडलेलं होतं. पूजा मोडायची नाही म्हणून कुणी त्याला हात लावला नव्हता.

आधी संग्राम हसला. मग अप्पा हसले. क्रांती मात्र खाली बसली आणि तिला रडू आलं. मला तर आनंद झाल्याचं कळायलाच वेळ लागला, इतकी काळजीची सवय जडली होती.

मग दिवाळीपर्यंत घरात कुणाला फुरसत नव्हती. नमुना माझ्यावर झाला, साच्याची मापं लॅपटॉपवर निघाली, आग्ऱ्याशी बोलणं मोबाइलवर झालं. तिघांत थोरला कोण, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही आणि खरं म्हणजे मलाही पडला नाही. ती बिनआवाजाची पैंजण गावात क्रांतीच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

पुढच्या खंडेनवमीला आजीने मला स्वतःच्या हाताने उचललं. रांगेत लॅपटॉपच्या आधी ठेवलं, आणि पडद्याला नाही तर कडेला, जपून, कुंकू लावलं. इतकी वर्षं ज्याची आस होती ते मिळालं. पण खरं सांगू? मी पुन्हा धास्तावलो. रांगेत पडल्या पडल्या मला दिसलं की क्रांती कोपऱ्यात बसून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला साध्या पेन्सिलीने नवा नमुना काढते आहे, आणि तो चांगला होतो आहे. माझ्यावाचून तिचं अडलं नव्हतं. पानं माझ्यात कधी नव्हतीच, तिच्या हातात होती, हे मला तेव्हा नीट कळलं.

आजीनेही ते पाहिलं. मला वाटलं, आता रागावणार.

"ती पेन्सिल आण हिकडं," आजी म्हणाली.

"अगं, पेन्सिलच हाय, आजी."

"ती बी हत्यार हाय. आण."

क्रांतीने पेन्सिल दिली. आजीने तिला कुंकू लावून माझ्याशेजारी ठेवली. मग रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या नातीला म्हणाली, "कारागिराला आज सुट्टी असती. जा, बस जरा."

मित्रांनो, आता मी वायरीशिवाय चालत नाही, आणि माझी जागा घेणारं कुणीतरी लवकरच येईल अशी धाकधूक रोज असते. येऊ दे. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की वस्तू घरी आणाल तर तिला कपाटात झोपवू नका. आधी तिला राबवा, तिच्यावर चार ओरखडे उठू द्या, आणि मग पुसून एक दिवस निवांत ठेवा. माणसांच्या बाबतीतही तसंच करा. क्रांती त्या दिवशी कारखान्यातल्या कारागिरांमध्ये जाऊन बसली. कुणीतरी सरकून तिला जागा करून दिली आणि संध्याकाळपर्यंत तिने काहीही केलं नाही.